लेंटमधली सेवा: सुरुवात कुठून करायची आणि गाडी कुठे अडते

राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवशी, उपासना सुटली की चर्चच्या पायऱ्यांवर दरवर्षी तेच ऐकू येतं: "यंदा काहीतरी सेवा करू या हं." पहिल्या आठवड्यात दहाजण येतात. तिसऱ्या आठवड्यात चौघं उरतात. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारापर्यंत त्या चौघांचेही चेहरे ओढलेले असतात आणि कोण आलं नाही याचा हिशोब सुरू झालेला असतो.

इंदूरमधल्या आमच्या मंडळीत हे काम मी बारा वर्षं बघते आहे. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका मी केल्या आहेत आणि काहींचं अजून वाईट वाटतं. लोकांची दानत चांगली असते, त्यांचा क्रम चुकतो. आधी काम ठरवतात, मग ते काम ज्याच्यावर करायचं असा माणूस शोधतात, आणि हे तुम्हाला हवंय का, असं त्या माणसाला विचारायचं राहूनच जातं. म्हणून इथे सगळं क्रमाने लिहिते. ईस्टरच्या आधीच्या या उपासाच्या काळाला कोणी लेंट म्हणतं, कॅथलिक घरांत उपवासकाळ म्हणतात. क्रम दोघांनाही लागू पडतो.

## टप्पा १: राखेच्या बुधवाराआधीचे दहा दिवस

तयारी बुधवारी सुरू करायची नसते, बुधवारपर्यंत संपवायची असते. २०२६ साली राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ मध्ये हेच दिवस १० फेब्रुवारी आणि २८ मार्च. ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर शेहेचाळीस दिवस होतात. त्यातले सहा रविवार वगळले की चाळीस उरतात. हे सहा रविवार लक्षात ठेवा, त्यांचं काम पुढे आहे.

एक कागद घ्या आणि तुमचा नेहमीचा आठवडा जसा जातो तसा लिहा. जसा जायला हवा तसा नको. मुलांच्या परीक्षा याच काळात असतात. मार्चअखेर ऑफिसात उशीर होतो. रंगपंचमी बहुतेक वर्षी लेंटमध्येच येते आणि त्या दिवशी गेर, म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक, निघते, तेव्हा राजवाड्याच्या बाजूला पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी शहराच्या मधून डबे पोहोचवायचे बेत आखू नका. हे सगळं कागदावर आलं की मोकळा वेळ किती उरतो ते बघा. आठवड्याला दोन तास उरले तर दोन तासच. त्यातलाही अर्धा तास बाजूला ठेवा, कारण काहीतरी निघतंच.

आता दुसरा भाग: काय सोडायचं. सेवेसाठी वेळ आणि पैसा कुठून तरी काढावा लागतो आणि उपासाचा अर्थ इथे लागतो. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव कोणता उपास निवडतो ते सांगितलंय: भुकेल्याला आपली भाकर वाटून देण्याचा. म्हणजे आपण जे खाल्लं नाही ते कुणाच्या तरी ताटात पोहोचायला हवं. शनिवारी सकाळी बाहेरचे पोहे-जलेबी सोडलेत, तर ते पैसे त्याच दिवशी डब्यात टाका. महिनाअखेरीस अंदाजाने टाकलेले पैसे कमीच भरतात, हा माझा अनुभव आहे.

सावध: झोप सोडू नका. झोप मोडून केलेल्या सेवेचं बिल घरच्यांना भरावं लागतं.

तपासा: कागदावर एक वार, एक वेळ आणि सोडलेली एक गोष्ट, तिन्ही लिहिलेलं आहे का? कामाचं नाव अजून लिहू नका.

## टप्पा २: विचारा

हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो, म्हणून यावर मी थोडं थांबणार आहे.

यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी ओरडत होता. तो आंधळा आहे हे सगळ्या गर्दीला दिसत होतं. तरी येशूने त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? मार्काच्या दहाव्या अध्यायातलं हे वचन मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्यात प्रश्न आहे हे मला फार उशिरा कळलं. ते कळलं इंदूरच्या सरकारी एम. वाय. हॉस्पिटलच्या आवारात.

निमाड, झाबुआ, धार अशा लांबलांबच्या भागांतून माणसं तिथे पेशंट घेऊन येतात आणि नातेवाईक दिवसच्या दिवस बाहेर मुक्काम करतात. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही ठरवलं, खिचडी वाटायची. चाळीस माणसांची केली, मोठ्या पातेल्यात, पातेलं गोधडीत गुंडाळून नेलं. पहिल्याच बाईसमोर मी द्रोण धरला. साठीच्या असतील, खरगोनकडच्या, लुगड्याचा पदर घट्ट आवळून भिंतीला टेकून बसलेल्या. म्हणाल्या, "खाना तो हो गया, बाई." मी तरी द्रोण पुढे केला. त्यांनी घेतला, जमिनीवर ठेवला, आणि मी वळल्यावर हळूच विचारलं, "मैं न्हा के आऊँ, तब तक इनके पास कोई बैठेगा क्या?" नवरा आत होता, ड्रिप लावलेली. त्याला एकटं सोडवत नव्हतं म्हणून त्यांनी चार दिवसांत अंघोळ केली नव्हती.

त्या दिवशी आम्ही सातजणी गेलो होतो आणि कुणाकडेही बसायला वेळ नव्हता, कारण खिचडी गार होत होती. बाईंना मी "अभी आती हूँ" म्हणाले आणि गेले नाही. खिचडी उरली होती, तरी गेले नाही. उरलेली खिचडी कुठे द्यायची या धावपळीत ते राहून गेलं. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा ती जागा रिकामी होती.

म्हणून आता आम्ही लेंट सुरू होण्याआधी दोनदा नुसतं जातो, रिकाम्या हातांनी. रिकामे हात महत्त्वाचे. हातात पिशवी असली की समोरचा पिशवीकडे बघून उत्तर देतो.

कसं विचारायचं:

१. आधी बसा. ते जमिनीवर असतील तर जमिनीवर. उभ्याने विचारलेला प्रश्न चौकशी वाटतो.

२. त्यांच्या भाषेत बोला. आपण घरी मराठी बोलतो, चर्चमध्ये हिंदी, आणि समोरची व्यक्ती निमाडी किंवा भिली बोलणारी असते. दोन शब्द चुकीचे बोललात तरी चालतात, माणसं हसतात आणि मोकळी होतात.

३. "काय मदत हवी?" असा प्रश्न विचारू नका. याला बहुतेक जण "काही नको" म्हणतात. विचारा: "आज सकाळपासून काय काय करावं लागलं?" उत्तरातच अडचण सापडते. मोबाइल चार्ज करायला जागा नाही. कुठल्या खिडकीवर कुठला कागद द्यायचा ते वाचता येत नाही. अंघोळीला जायचंय आणि पेशंटजवळ कोणी नाही.

४. "नको" म्हणाले तर "बरं" म्हणा आणि उठू नका. आणखी दोन मिनिटं बसा. नकार दिला म्हणून तुम्ही निघून गेलात, तर तुम्ही त्यांच्यासाठी आला नव्हतात हे त्यांना कळतं.

हॉस्पिटल हे एक उदाहरण झालं. सुदामा नगरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या आजी असोत किंवा तुमच्याच मंडळीतलं नोकरी गेलेलं कुटुंब, पद्धत हीच. आजींना डबा हवा असेल असं तुम्हाला वाटतं, आणि त्यांना हवं असतं कुणीतरी लाइटबिल मोठ्याने वाचून दाखवणारं.

सावध: सेवेत पत्रकं, पुस्तिका, सभेचं आमंत्रण यांतलं काहीही सोबत नेऊ नका. मध्य प्रदेशात २०२१ च्या धर्म स्वातंत्र्य अधिनियमानुसार आमिष दाखवून धर्मांतर करणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसापुढे एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात पत्रक धरलं, तर त्याच्याजवळ नाही म्हणायची मोकळीक उरत नाही. प्रार्थना त्यांनी स्वतःहून मागितली तर करा, हळू आवाजात, त्यांच्याच शब्दांत.

तपासा: किमान तीन माणसांशी बोललात का? तिघांच्या उत्तरांत तुम्हाला न सुचलेली एक तरी गोष्ट आहे का? नसेल तर तुम्ही ऐकलं कमी आणि सुचवलं जास्त. पुन्हा जा.

## टप्पा ३: पहिला आठवडा घरात

बाहेरची सेवा पहिल्या आठवड्यात सुरू करू नका. राखेच्या बुधवारापासून पहिल्या रविवारपर्यंत, आणि पुढचे सहा दिवसही, घरातलं एक काम उचला. जे दुसरं कोणीतरी रोज करतं आणि ज्याबद्दल कोणी काही बोलत नाही, असं. सासूबाईंच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरणं. बाथरूम घासणं. ओला आणि सुका कचरा वेगळा करून सकाळी गाडी येण्याआधी खाली नेणं. इंदुरात हे काम प्रत्येक घरात होतं, आणि बहुतेक घरांत एकाच माणसाकडून.

पुरुषांनी इथे विशेष लक्ष द्यावं. चर्चच्या जेवणात पंगतीला वाढायला पुढे असणारे दादा घरी स्वतःचं ताट उचलत नसतील, तर पहिले दोन आठवडे त्यांनी ताटापासूनच सुरुवात करावी.

न सांगता करा. घरच्यांच्या लक्षात आलं तर ठीक, नाही आलं तर जास्त चांगलं. तिसऱ्या दिवशी मनात येईल, "कोणी बघितलंसुद्धा नाही." ते आलं की कामाला लागलात असं समजा. नम्रतेचा सराव त्या वाक्याशी होतो. ते मनातल्या मनात देवाला सांगून टाका आणि कचऱ्याची पिशवी उचला.

## टप्पा ४: एकच काम निवडा, आणि खालचं निवडा

आता टप्पा १ चा कागद आणि टप्पा २ मधली उत्तरं शेजारी ठेवा. जिथे दोन्ही जुळतात तिथलं एक काम घ्या. दोन घेऊ नका. लेंटमध्ये एकाच वेळी डबे, दवाखाना, वृद्धाश्रम, गायनमंडळ आणि मुलांचं नाटक असं सगळं अंगावर घेणारी माणसं मी पाहिली आहेत. तिसऱ्या आठवड्यात ती सगळ्यांवर चिडलेली असतात.

गटात काम असेल तर वाटणी होताना शेवटी बोला. वाढण्याचं काम सगळ्यांना हवं असतं, कारण त्यात माणसं भेटतात, आशीर्वाद मिळतात. पातेलं घासायला कोणी उरत नाही. आमच्याकडे एक निवृत्त काका आहेत. ते प्रत्येक जेवणानंतर मागच्या नळावर बसतात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडतात आणि जळका थर नारळाच्या शेंडीने काढत राहतात. पाच वर्षं मला वाटायचं ते काम भाड्याच्या माणसाकडून होतं, कारण मी कधी मागच्या बाजूला गेलेच नव्हते. मुद्दाम सांगते, काका तिथे गात असतात.

काम निवडल्यावर ते कुणाच्या हाताखाली करायचं ते ठरवा. हे टाळू नका. वयाने लहान, कमी शिकलेली किंवा मंडळीत नवीन आलेली एखादी व्यक्ती ते काम आधीपासून करत असेल, तर तिला विचारा, "मी काय करू?" आणि ती सांगेल तसं करा. तुमची पद्धत जास्त चांगली असली तरी निदान दोन आठवडे तिच्या पद्धतीनेच.

तपासा: तुमचं काम एका वाक्यात सांगता येतं का? "दर मंगळवारी पाच ते साडेसहा, अमुक आजींकडे" इतकं साधं. सांगताना "आणि शिवाय" म्हणावं लागलं तर ते काम जास्त झालंय.

## टप्पा ५: प्रत्यक्ष सेवेचा दिवस

निघण्याआधी. काहीतरी खाऊन निघा. उपास असेल तर सेवेचा वार दुसरा ठेवा. कॅथलिकांसाठी राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे सक्तीचे उपासाचे दिवस आहेत, त्या दिवशी अंगमेहनतीचं काम ठेवू नये. पोटात भूक असताना आपण लहानशा गोष्टीवरही तुटून पडतो. येशूने डोंगरावर सांगितलं की उपास करताना डोक्याला तेल लाव, तोंड धू, म्हणजे उपास लोकांना दिसू नये. मी हे अक्षरशः पाळते. तोंड धुवून, केस विंचरून, स्वच्छ साधे कपडे घालून जाते. आजारी माणसाला आपला थकलेला चेहरा नेऊन का दाखवायचा?

अन्न नेणार असाल तर. टप्पा २ मध्ये जेवणच हवंय असं कळलं असेल तर हे लक्षात ठेवा. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी सगळ्यांना चालते. माणशी कोरडं साधारण १०० ते १२० ग्रॅम धरा. चाळीस माणसांना तीन किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ पुरते. तिखट वेगळं न्या. मार्चमध्ये ऊन वाढलेलं असतं, म्हणून शिजल्यापासून दोन तासांत वाटून संपेल इतकीच करा. ताटल्या स्टीलच्या न्या आणि परत आणून घासा. पेशंटला स्वतः काहीही भरवू नका, आधी वॉर्डातल्या सिस्टरांना विचारा. कुणाला पथ्य असतं, कुणाचं ऑपरेशन असतं म्हणून उपाशी ठेवलेलं असतं.

म्हाताऱ्या माणसाची सेवा करणार असाल तर. इथे मी पायांबद्दल लिहिते, कारण येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट लेंटमध्ये सगळे ऐकतात आणि खरे पाय कोणी बघत नाही. पवित्र गुरुवारी चर्चमध्ये जे बारा पाय धुतात ते घरून धुवूनच आलेले असतात. घरात एकट्या असलेल्या ऐंशीच्या आजींच्या पायांची नखं मात्र वाकून कापता येत नाहीत म्हणून महिनोन् महिने वाढतात, वळतात, शेजारच्या बोटात रुततात. त्या कुणाला सांगत नाहीत, मोजे घालून बसतात.

आधी विचारा, "आजी, पाय बघू का?" पहिल्यांदा नाही म्हणतील. दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला हो म्हणतात. मधुमेह आहे का ते विचारा. असेल तर नखं तुम्ही कापू नका, डॉक्टरांकडे न्या. अशा पायाला लागलेलं कळत नाही आणि जखम भरत नाही. मधुमेह नसेल तर घमेल्यात कोमट पाणी घ्या आणि ते आपल्या कोपराने तपासा, कारण म्हातारपणी पायांना चटका उशिरा समजतो. दहा मिनिटं पाय पाण्यात राहू द्या. तुम्ही पाटावर बसा, त्या खुर्चीवर. नखं सरळ कापा, कोपऱ्यात खोल जाऊ नका. मग टॉवेलने बोटांच्या बेचक्यांतसुद्धा कोरडं करा. ओल राहिली की तिथे चिखल्या होतात. तेल टाचेला लावा, बोटांच्या मधे नको.

आणि बोलत राहा. पायाबद्दल बोलू नका. त्यांच्या माहेराबद्दल, संडेस्कूलबद्दल, जुन्या काळातल्या छावणीबद्दल विचारा. एका आजींनी मला पाय पुसताना सांगितलं की त्यांचे यजमान गेल्यापासून त्यांच्या अंगाला कुणी हात लावला नव्हता, नर्सने बीपीसाठी लावला तेवढाच. नऊ वर्षं. मी मान खाली घालून टाच पुसत राहिले, कारण वर बघितलं असतं तर दोघींनाही रडू आवरलं नसतं.

परत आल्यावर. इथे खूपजण घसरतात. बाहेर दोन तास गोड बोलून आलेला माणूस घरात शिरताच ओरडतो, "अजून कुकर लावला नाही?" मीही ओरडले आहे, माझ्या जावेवर, तिची मुलगी तापाने फणफणत असताना. आता मी घराच्या दाराबाहेर चप्पल काढताना एक मिनिट थांबते. तेवढ्या वेळात प्रभूची प्रार्थना होते. मग आत जाते आणि पहिला प्रश्न विचारते: "तुमचं काय चाललंय?"

तपासा: आज तुम्ही जास्त बोललात की त्यांनी? निघताना त्यांनी तुमचे आभार मानले नाहीत तर काय वाटलं? उत्तर लिहून ठेवायची गरज नाही, रात्री देवाजवळ खरं बोलला तर पुरे.

## टप्पा ६: फोन पिशवीत

फोटो काढू नका. ज्याच्या हातात द्रोण आहे त्याचा तर कधीच नाही. दान करताना उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, असं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय आणि आपण ते मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दीडशे जणांना कळवतो. हिशोबासाठी पुरावा हवा असेल तर किराण्याच्या पावतीचा फोटो काढा.

"इतरांना प्रेरणा मिळेल" हे कारण मला दरवर्षी ऐकवलं जातं. ज्यांना यायचं असेल त्यांना सोबत घेऊन जा.

## टप्पा ७: तिसरा-चौथा आठवडा, जेव्हा आनंद आटतो

हे होणारच आहे, म्हणून आधीच सांगते. तिसऱ्या आठवड्यात सेवा ओझं वाटू लागते. अशा वेळी लोक दोन गोष्टी करतात: जबरदस्तीने हसतात, किंवा मार्थासारखे होतात. मार्था प्रभूसाठीच राबत होती, पण तिचा डोळा प्रभूचं ऐकत बसलेल्या बहिणीवर, मरियेवर गेला, आणि ती प्रभूलाच सांगू लागली की हिला कामाला लावा. आपला डोळा "कोण आलं नाही" याकडे गेला की समजावं, आपण थकलोय.

तेव्हा काम वाढवू नका आणि सोडूही नका, छोटं करा. दीड तासाचा पाऊण तास करा, पण वार चुकवू नका. आणि ते सहा रविवार आठवतात का? ते चाळीस दिवसांत मोजलेच जात नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस आहे. त्या दिवशी सेवेचं ठरलेलं काम नाही. सुट्टी घ्या, गोड करा, मुलांना घेऊन बागेत जा. कॅथलिक उपासनेत लेंटचा चौथा रविवार मुद्दाम आनंदाचा असतो आणि त्या दिवशी जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्र चालतं; उपवासकाळाच्या मधोमध मंडळीने आनंदासाठी जागा राखून ठेवली आहे. ज्यांना रविवारीही थांबता येत नाही त्यांना मी हात जोडून सांगते, तुमच्यावाचून जग एक दिवस चालेल.

आनंदाची एक खूण मी ओळखायला शिकले आहे. तो गाजावाजा करत येत नाही. घमेलं रिकामं करताना, ताटल्या पुसताना मधेच गुणगुणायला होतं. तसं झालं नाही तर घाबरू नका, तुम्ही विचारायचं सोडलंय का तेवढं बघा. माझ्या बाबतीत दरवेळी तेच निघतं: मी पुन्हा माझ्या मनाने कामं ठरवू लागलेली असते.

याच आठवड्यांत एक अवघड गोष्ट करा. ज्याच्याशी पटत नाही अशा एका माणसासाठी एक लहान काम. इंदूर धर्मप्रांतातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. उदयनगरच्या वाटेवर २५ फेब्रुवारी १९९५ रोजी कॅथलिक नन सिस्टर राणी मारिया यांची हत्या झाली, आणि पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. आपल्याला तर फक्त त्या शेजाऱ्याचा गॅस सिलिंडर वर चढवून द्यायचा आहे, ज्याने पार्किंगवरून भांडण केलं होतं.

सावध: या माणसाला "मी तुम्हाला माफ केलं" असं बोलून दाखवू नका. सिलिंडर ठेवा आणि या.

## टप्पा ८: सेवा घ्या

पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, हा टप्पा करायचा आहे आणि मला तो सगळ्यात जड जातो. येशू शिष्यांचे पाय धुवू लागला तेव्हा पेत्र म्हणाला होता, माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत. ऐकायला नम्र वाटतं. येशूने ते मानलं नाही. ज्याला घेता येत नाही तो देताना नेहमी वरच्या पायरीवर उभा राहतो.

ज्यांची तुम्ही सेवा केली त्यांच्याकडून या आठवड्यात काहीतरी घ्या. आजी चहा करते म्हणाल्या तर "कशाला त्रास" म्हणू नका. कप थोडा कळकट असला तरी प्या. कुणी आपल्या शिदोरीतली भाकरी पुढे केली तर अर्धी घ्या. घरी मुलगा म्हणाला "आई, आज मी पोळ्या लाटतो", तर लाटू द्या, आणि त्याच्या मागे त्या पुन्हा नीट लाटू नका.

## टप्पा ९: ईस्टरनंतर काय, हे ईस्टरच्या आधी

सगळ्यात दुखावणारी चूक इथे होते. सहा आठवडे दर मंगळवारी पाच वाजता कोणीतरी येतं, ईस्टरला केक येतो, आणि पुढच्या मंगळवारी कोणीच येत नाही. आजी साडेचारपासून दार लोटून बसलेल्या असतात.

झावळ्यांच्या रविवाराआधी ठरवा: हे काम पुढे चालणार की थांबणार? चालणार असेल तर दर आठवड्याऐवजी महिन्यातून दोनदा ठेवा, पण वार तोच. थांबणार असेल तर शेवटच्या भेटीच्या दोन आठवडे आधी समोर बसून सांगा आणि दुसऱ्या कुणाची तरी ओळख करून द्या. ती व्यक्ती एकदा तुमच्याबरोबर येऊ दे, आणि त्या भेटीत बोलणं तिला करू द्या. घमेलं कुठे ठेवलंय, कोपराने पाणी बघायचं, चहात साखर किती, हे त्या दोघींनी एकमेकींना सांगू दे.

उत्तम शुक्रवारी कुठेही जाऊ नका. तीन तासांची उपासना असेल तिला बसा. शनिवारी आजींकडे फोन करा, उद्या चर्चला न्यायला कोण आणि किती वाजता येणार ते सांगा, आणि रिक्षा त्यांच्या गेटपर्यंत आत येते का ते आधीच बघून ठेवा. पहाटेची उपासना असेल तर त्यांना तयार व्हायला वेळ लागतो. अर्धा तास आधी पोहोचा, आणि साडीच्या निऱ्या घालायला मदत लागेल का, ते विचारा.